बैल पुन्हा जुंपताना खांदा सांभाळा

ट्रॅक्टरवर दहा-बारा वर्षं काढून पुन्हा बैलजोडी दावणीला आणलीत, तर पहिल्याच दिवशी नांगर धरू नका. बसून असलेल्या बैलाचा खांदा मऊ पडलेला असतो (आपले तळहातही!). आठवडाभर नुसतं जू ठेवून फिरवा, मग हलका ओंडका ओढायला लावा, त्यानंतर कुळव. माळ्यावरचं जुनं जू काढलं की खांद्यावर टेकणाऱ्या बाजूवरून हात फिरवा. कूस टोचली तर तासून गुळगुळीत करा. जू उतरवल्यावर रोज खांदा चाचपा. गरम किंवा सुजलेला लागला, तर बरा होईपर्यंत जुंपणं बंद. पावसात भिजलेल्या खांद्यावर जू घासलं की खांदासूज लवकर धरते. आणि खांदेमळणीसाठी, म्हणजे बैलाचे खांदे चोळून मळायला, पोळ्याची वाट कशाला पाहायची?