उषा उथुपची ८० वी सोसायटीत कशी साजरी करायची (आणि भाषणं कशी टाळायची)

२०२७ च्या ७ नोव्हेंबरला गायिका उषा उथुप, म्हणजे आपल्या दीदी, ८० पूर्ण करतील आणि वार रविवार आलाय, म्हणजे सुट्टीची भानगडच नाही. दिवाळी नुकतीच आटपलेली असणार, लोकांना जरा रिकामं रिकामं वाटत असणार, क्लबहाऊस पण मोकळं मिळतं त्या दिवसांत. आमच्या ठाण्याच्या सोसायटीत २०२२ ला पंच्याहत्तरी केली होती, ७ ला सोमवार होता म्हणून आदल्या दिवशी रविवारी, आणि त्यात ज्या ज्या चुका केल्या त्यावरूनच हे लिहितेय.

पहिली चूक म्हणजे आम्ही तो सत्कार समारंभ करून टाकला. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ (कुणाला? तर सेक्रेटरींना, का ते अजून कळलं नाही), मग एका पाहुण्यांचं २२ मिनिटांचं भाषण. त्यात दीदींचं नाव दोनदा आलं. अरे ज्या बाईने १९६९ मध्ये चेन्नईला माऊंट रोडवरच्या नाईन जेम्स नावाच्या नाईटक्लबात साडी नेसून गायला सुरुवात केली, मग कोलकात्याला पार्क स्ट्रीटवरच्या ट्रिंकाजमध्ये गायली, जिथे लोक जेवता जेवता ऐकायचे, तिच्या वाढदिवसाला खुर्च्यांच्या रांगा लावून गप्प कसलं बसायचं? तर रांगा नकोत. टेबलं लावा, चार-पाच जण एका टेबलाला, खाणंपिणं गाण्याबरोबरच सुरू, आणि गाणारा माणूस मधून फिरला पाहिजे. स्टेज करूच नका.

प्रस्तावना हवीच असेल तर दोन मिनिटं, आणि त्यात एवढंच सांगा, की जन्म १९४७ चा, मुंबईतला, तमिळ घरातला, वडील पोलिसात, बालपण भायखळ्याला. मोठ्या बहिणी आधीपासून गाणाऱ्या, आणि लहानपणीच अमीन सयानींमुळे रेडिओ सिलोनवर गायची संधी मिळाली. आडनाव केरळचं, नवरे जानी उथुप यांचं, ते ट्रिंकाजमध्येच भेटले (२०२४ मध्ये गेले ते). घर कोलकात्याला. २०११ ला पद्मश्री, २०२४ ला पद्मभूषण. झालं, पुढे गाणं.

आता खरी मेहनतीची गोष्ट, पट्टी, म्हणजे गाणं किती वरच्या किंवा खालच्या सुरात धरायचं. हे कुणी सांगत नाही आणि ऐनवेळी सगळ्यांची फजिती होते. दीदींचा आवाज खर्जातला, भरदार, त्यामुळे त्यांच्या गाण्यांचे ओरिजिनल स्केलचे कराओके ट्रॅक बायकांना खूप खाली जातात. नेहमी काळी चार-पाचमध्ये (पेटीवरच्या उंच पट्ट्या) लताबाई-आशाताईंची गाणी म्हणणारी आमची एक मैत्रीण, गोड गळा, तिने 'रंबा हो' धरलं आणि खालच्या सुरांना नुसती हवा यायला लागली, बिचारी हसत हसत माईक देऊन खाली बसली. त्यावर उपाय सोपा आहे, कराओके ॲपमध्ये पिच वरखाली करायचं बटण असतं, दोन-तीन टप्पे वर करून घरीच म्हणून बघायचं आणि आकडा कागदावर लिहून ठेवायचा, कुणाला प्लस टू, कुणाला प्लस थ्री. उलट पुरुषांनी मात्र ट्रॅकला हात लावू नये, आहे तसा बऱ्याच जणांना बरोब्बर बसतो. आमचे पहिल्या मजल्यावरचे काका 'डार्लिंग' असं काही गायले की काकू उठून गॅलरीत गेल्या.

ट्रॅक मोबाईलवरून ब्लूटूथने लावू नका, आवाज स्पीकरला किंचित उशिरा पोचतो, मोबाईलवरचे शब्द बघून गाणारा ट्रॅकच्या पुढे पळतो. सरळ ऑक्सची केबल घ्या, आणि ज्याचा फोन जोडलाय तो फ्लाईट मोडवर टाका, नाहीतर ऐन रंगात कुणाच्या तरी जावेचा फोन हॉलभर वाजतो (आमच्याकडे वाजला). स्पीकर गाणाऱ्याच्या पुढे ठेवायचे, मागे ठेवले की शिट्टी मारणार. कॉर्डलेस माईकचे सेल नवे घाला. रात्री १० ला स्पीकर बंद करावा लागतो म्हणून साडेसहालाच सुरू करा, आपल्याकडे साडेसहा म्हटलं की सव्वासातला येतात लोक.

गाण्यांचा क्रम असा लावला तर पूर्ण करिअर आपोआप समोर येतं, वेगळं निवेदन लागत नाही. सुरुवात 'जांबालाया'ने, अमेरिकन कंट्री गाणं आहे पण दीदींच्या सगळ्यात पहिल्या रेकॉर्डिंगमधलं. मग 'हरे रामा हरे कृष्णा' १९७१, आणि इथे कुणीतरी 'दम मारो दम' म्हणणारच, ते आशाताईंचं आहे, दीदींनी त्या पिक्चरमध्ये इंग्लिश भाग गायलाय, पण वाद घालत बसू नका, म्हणू द्या, सगळा हॉल म्हणतो. मग आरडींचं 'वन टू चा चा चा', १९७८ चं, 'शालिमार'मधलं. त्यानंतर बप्पीदांचा काळ, 'हरि ओम हरि' १९८०, 'रंबा हो' १९८१, 'कोई यहाँ आहा नाचे नाचे' १९८२. 'हरि ओम हरि' सुरू झालं की साठीच्या पुढची मंडळी त्यावर 'वन वे टिकट' हे इंग्लिश गाणं म्हणायला लागतात, चाल तिथलीच आहे, म्हणून अर्ध्या हॉलला हे आणि अर्ध्याला ते असं वाटून द्या, जाम मजा येते. शेवट 'डार्लिंग', २०११ चं, रेखा भारद्वाजांबरोबरचं, ज्याला दोघींना मिळून फिल्मफेअर मिळालं. म्हणजे साठी पार केल्यावर! हे मात्र माईकवर सांगाच, आमच्याकडच्या आज्यांनी त्यावर सगळ्यात जास्त टाळ्या वाजवल्या.

न गाणाऱ्यांचं काय करायचं हा प्रश्न असतो नेहमी. तर दीदींना शाळेत गाण्याच्या तासाला घेत नव्हते, आवाज बाकीच्या मुलींसारखा नाही म्हणून, पण बाईंनी वाजवायला काहीतरी हातात दिलं. आपणही तेच करायचं. दारात एक टोपली ठेवा, खंजिरी, झांजा, चिपळ्या, गणपतीत आरतीला काढतो ते सगळं, आणि जो म्हणेल मला गाता येत नाही त्याच्या हातात एक एक द्या. फक्त लहान मुलांना झांजा देऊ नका. कृपया.

ड्रेसकोड कांजीवरम हवा असं नाही, काठपदर कुठलीही चालते, पण टिकली मस्ट. दीदींच्या टिकलीवर बंगाली 'क' असतो, कोलकात्याचा क. आपण कोलकात्याचा कशाला लावायचा, आपापल्या गावाचं अक्षर लावायचं! लाल किंवा काळा मखमली कागद, दहा रुपयांच्या नाण्याएवढा गोल कापायचा, पांढरा फॅब्रिक कलर टूथपिकच्या टोकावर अगदी थेंबभर घेऊन अक्षर काढायचं. ब्रशने फराटे येतात, टूथपिकच घ्या. रात्रभर वाळू द्या. आमच्याकडे 'ठ' पुष्कळ होते, डोंबिवलीच्या पाहुण्यांचा 'डों' अनुस्वारासकट, साताऱ्याचा 'सा', आणि एक आजोबा भायखळ्यात वाढलेले, ते 'भा' लावून रात्रभर सगळ्यांना सांगत फिरले की आमचाच एरिया तो. बुटांचीही हौस असेल तर दीदींसारखे साडीच्या काठाचे स्नीकर करता येतात, जुन्या साडीचा जरीकाठ कॅनव्हासच्या बुटांना फॅब्रिक ग्लूने चिकटवायचा, मात्र दोन दिवस आधी, नाहीतर नाचताना सुटतो.

खाण्याचं जास्त ताणू नका, त्यांचा प्रवास ताटात आणा म्हणजे झालं. मुंबईसाठी बनमस्का, चेन्नईसाठी फिल्टर कॉफी (थर्मासमध्ये, डिकॉक्शन वेगळं ठेवा), केरळसाठी केळ्याचे वेफर्स, कोलकात्यासाठी काठी रोल आणि संदेश. उरलेली चकली कुणीतरी आणतंच, आणू द्या.

केक कापताना सगळ्यांचा एक मिनिटाचा व्हिडिओ घ्या, आडवा मोबाईल धरून, मागे ती टिकल्यांची रांग दिसली पाहिजे.

आणि टिकली लावायला डोळ्यांच्या पापण्यांचा ग्लू वापरा, काढताना आधी खोबरेल लावून पाच मिनिटं थांबा. मी घाईत घरातला दुसराच कुठलातरी गोंद लावला होता आणि रात्री ओढून काढली, सोमवारी ऑफिसला कपाळावर लालभडक गोल घेऊन गेले, लिफ्टमध्ये वॉचमन दादा म्हणाले, ताई, ठ पुसला वाटतं.