फूटपाथ नवा करताय? या चुका टाळा

जुन्या वस्तीतला रस्ता सुधारायचा म्हटलं की मीटिंगमध्ये आधी पेव्हर ब्लॉकच्या रंगावर चर्चा होते. रंग सगळ्यात शेवटी ठरवा.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे प्रत्येक गेटपाशी फूटपाथ कापणं. गाडी आत घालायला सोपं पडावं म्हणून फूटपाथ रस्त्याच्या लेव्हलला आणतात, पुढे चढवतात, गेट आलं की परत खाली. आमच्या रस्त्याला हेच केलं, छान रुंद फूटपाथ, नारळ फुटला, फोटो निघाले, आणि आठवड्याभरात म्हातारी माणसं पुन्हा डांबरावरून, रिक्षांच्या मधून चालायला लागली. शेजारच्या काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "अरे, दर दहा पावलांवर चढ-उतर, माझे गुडघे राहतील का?" मग ठेकेदाराच्या मागे लागलो, दोन गेटांपाशी फूटपाथ त्याच उंचीवर सलग नेला आणि गाडीसाठी कडेला छोटा रॅम्प दिला. गाडीने चढावं, माणसाने का उतरावं? शिवाय तिथे गाड्या आपोआप स्लो होतात.

उंचीचं पण बघा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या (रस्त्यांचे निकष ठरवणारी संस्था) २०१२ च्या गाइडलाइनमध्ये कर्ब, म्हणजे फूटपाथची कड, जास्तीत जास्त १५० मिमी उंच आणि चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा सांगितलीये, मोकळी म्हणजे झाड, खांब, डीपी बॉक्स सोडून. मी कायम टेप घेऊन जातो, नुसत्या ड्रॉइंगवर सही करू नका.

फेरीवाल्यांना सरसकट उठवू नका. भाजीवाला, इस्त्रीवाला, चांभार असले की रात्री नऊलाही रस्त्याला जाग असते, मुली बिनधास्त ये-जा करतात. २०१४ च्या फेरीवाला कायद्यात सर्व्हे करून जागा नेमून द्यायची तरतूद आहे, ती वापरा.

बोलार्ड, म्हणजे गाड्या फूटपाथवर चढू नयेत म्हणून लावलेले बुटके खांब, इतके जवळ नकोत की व्हीलचेअर अडकेल.

स्कायवॉक, म्हणजे रस्त्यावरून जाणारे उंच पादचारी पूल, मागू नका. मुंबईत २००८ पासून बांधले, स्टेशनला जोडलेले सोडले तर लोक खालूनच जातात. सिग्नल आणि झेब्रा मागा.

आणि नव्या मंडळींची घाई, पहिल्याच मीटिंगला "रस्ता कायमचा वाहनमुक्त करा". दुकानदार तिथेच विरोधात जातात आणि मग ते साध्या फूटपाथलाही हो म्हणत नाहीत. पुण्यात लक्ष्मी रोडवर ११ डिसेंबर २०२१ ला पादचारी दिनानिमित्त एक दिवस गाड्या बंद ठेवून बघितलं, तसं करा. सणासुदीचा दिवस नको, आणि माल उतरवणाऱ्या टेम्पोंची वेळ दुकानदारांसोबत बसून आधीच ठरवून घ्या.