मॉरिस मायनरचे टॅपेट सेट करताना या चुका टाळा

मॉरिस मायनर 1000 या जुन्या ब्रिटिश गाडीचे टॅपेट थोडे वाजतात आणि ते वाजलेच पाहिजेत, हे आधी मनाशी पक्के करावे. 1956 पासूनचे 948 सीसी असो वा 1962 पासूनचे 1098 सीसी, या ए-सिरीज इंजिनात रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारी तरफ) आणि व्हॉल्व्हच्या दांड्यामधली फट इंजिन थंड असताना 0.012 इंच, म्हणजे सुमारे 0.30 मिलिमीटर ठेवायची असते; टॅपेट सेट करणे म्हणजे हेच. गॅरेजच्या भाषेत बारा थाऊ, म्हणजे इंचाचे बारा हजारांश. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्हींना हेच माप आहे. त्याआधीच्या साइड व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह हेडऐवजी ब्लॉकमध्ये असलेल्या) मायनरला मात्र पुढचे काही लागू नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे आवाज बंद व्हावा म्हणून फट कमी करणे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद होऊन सीटवर घट्ट टेकतो तेवढ्याच वेळात त्याची बरीचशी उष्णता हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरांवरच्या भागात, उतरते. फट अपुरी असेल तर इंजिन तापल्यावर तो पूर्ण टेकत नाही, कडेने गरम वायू निसटतो आणि कड जळते. गाडी आयडलिंगला मिसिंग करू लागली आणि एकाच सिलिंडरचे कॉम्प्रेशन कमी भरले, तर हीच शंका आधी घ्यावी.

दुसरी चूक इंजिन गरम असताना माप घेण्याची. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी, स्टार्टर मारण्यापूर्वी, काम हाती घ्यावे. प्लग काढून ठेवले की हँडलने इंजिन अलगद फिरते आणि हव्या त्या जागी थांबवता येते.

व्हॉल्व्ह पूर्ण बंद आहे की नाही हे अंदाजाने ठरवणे हीदेखील नेहमीची गफलत आहे. त्यासाठी नऊचा नियम वापरावा: रेडिएटरच्या बाजूने व्हॉल्व्हना 1 ते 8 क्रमांक द्यावेत आणि जो व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असेल त्याचा क्रमांक नवातून वजा करून येईल त्या क्रमांकाचा व्हॉल्व्ह सेट करावा. आठवा दाबलेला असताना पहिला, सहावा दाबलेला असताना तिसरा, चौथा दाबलेला असताना पाचवा, याप्रमाणे.

खरी फसगत होते ती रॉकरवरचा फट ठरवणारा स्क्रू जागेवर धरणारा लॉकनट आवळताना. फिलर गेजचे (फट मोजण्याच्या साधनाचे) पाते फटीत हलकेसे अडत सरकत असते, समाधान वाटते, आणि पाना फिरवताच नटाबरोबर स्क्रूही किंचित फिरून पाते घट्ट धरले जाते. म्हणून स्क्रू ड्रायव्हर स्क्रूच्या खाचेत दाबून धरूनच नट आवळावा आणि त्यानंतर पाते पुन्हा घालून पाहावे. हे दुसऱ्यांदा पाहणे आठही व्हॉल्व्हना करावे, कारण टाळाटाळ नेहमी शेवटच्या दोघांच्या वेळी होते.

एवढे करूनही एखादा टॅपेट जोरात वाजत राहिला, तर दोष मापात नसून मापाच्या जागेत असू शकतो. माझ्याकडच्या मायनरमध्ये आठवा टॅपेट तीनदा सेट करूनही वाजतच होता. सगळे रॉकर ज्यावर बसतात तो रॉकर शाफ्ट उतरवल्यावर त्या रॉकरच्या टोकाला नखाला लागेल असा खळगा दिसला. सपाट पाते अशा खळग्याच्या दोन काठांवर टेकते आणि बारा थाऊ दाखवते, पण खळग्यातली खरी फट कितीतरी जास्त असते. अशा वेळी रॉकर बदलावा किंवा त्याचे टोक घासून पुन्हा नीट करून घ्यावे. शाफ्ट काढताना घाई करू नये: त्याच्या ब्रॅकेटचे चार मोठे नट हेडचेही नट आहेत, त्यामुळे आधी पाणी काढून हेडचे सगळे नट क्रमाने थोडे थोडे सैल करावे लागतात. परत आवळताना 40 पाउंड-फूट टॉर्क द्यावा आणि टॅपेट त्यानंतरच सेट करावेत, कारण हेड आवळले की फट बदलते.

याउलट एक्झॉस्टची फट दर वेळी आपोआप कमी झालेली आढळली, तर हेडमधली सीट खचत असल्याची खूण समजावी. भारतात 2000 साली शिशाचे पेट्रोल बंद झाले आणि या जुन्या बिडाच्या सीटना शिशाच्या थराचे मिळणारे संरक्षण गेले. तात्पुरते फट वाढवून गाडी चालेल, पण कायमचा उपाय म्हणजे कडक धातूच्या सीट बसवून घेणे.

टॅपेट कव्हर बसवताना कॉर्कचे गॅस्केट नवे घालावे आणि वरचे दोन नट बेताने आवळावेत. तेल गळते म्हणून ते आणखी आवळले तर पत्रा वाकतो आणि गळती वाढते.