रातांब्याच्या बिया आणि कॉलेजातील मुले

रत्नागिरी-सिंधुदुर्गात विद्यार्थ्यांनी बचत गटाबरोबर एखादा सामाजिक उद्योग सुरू करायचे ठरवले की पहिला विचार कोकम सरबताचा येतो आणि तिथेच गणित चुकते. कारण रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, पिकतात एप्रिल-मेमध्ये, म्हणजे ऐन परीक्षेत, आणि पिकलेले फळ कोणासाठी थांबत नाही. थांबते ती बी. आमसुले घालून झाल्यावर बहुतेकदा परसात टाकली जाणारी ही बी धुऊन, राख चोळून पावसाआधी कडकडीत वाळवली, तर तिच्यातले तेल काढण्याचे पुढचे काम दिवाळीनंतर सवडीने करता येते.

तयारी मात्र आदल्या हिवाळ्यात करावी. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर त्यासाठी उत्तम. कोणत्या घरी आमसुले होतात आणि बियांचे काय होते, हे वहीत उतरवावे. ज्यांची स्वतःची झाडे नाहीत आणि ज्या मजुरीने रातांबे फोडायला जातात, त्या बायकांना आधी गाठावे. बी कोणाची, हा प्रश्न बागमालकाशी हंगामापूर्वीच बोलून मिटवावा, नाहीतर बियांना भाव आला की त्याला तिची आठवण होते.

दर वाळलेल्या बियांचाच ठरवावा. आम्ही पहिल्या वर्षी ओली बी वजनावर घेतली. पैसे पाण्याचे मोजले आणि पोत्यांना बुरशी आली. दगडाने ठेचल्यावर टरफल सुटून आले तरच बी घ्यावी.

सोललेला गर कुटून पाण्यात उकळावा. तेल वर येते आणि निवले की थिजते. ते काढून मुठीत गोळे वळले की झाले मुठेल. चुलीत टरफलेही घालावीत, म्हणजे लाकूड कमी लागते; उरलेला चोथा झाडांना खत म्हणून जातो. भेगांवर मुठेल लावणे घरोघरी चालत आले असले, तरी मलम किंवा लिप बाम म्हणून ते बनवून विकायला सौंदर्यप्रसाधनाचा उत्पादन परवाना लागतो. तो नसेल तर परवानाधारक उत्पादकाला कच्चे मुठेल किंवा नुसती स्वच्छ बी द्यावी. नफा कमी पडेल, पण गटातल्या बाईच्या मागे कटकट लागणार नाही.

मुले तीन वर्षांत कॉलेज सोडतात, त्यामुळे बँक खाते, वजनकाटा आणि हिशेबाची वही पहिल्या दिवसापासून गटाकडेच असावी. मुलांनी गिऱ्हाईक शोधावे, पत्रव्यवहार करावा आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलांना बरोबर घेऊन फिरावे.

नफ्यातला थोडा भाग रोपांसाठी बाजूला काढावा. बीपासून लावलेले झाड नर की मादी, हे फुलोरा येईपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षे कळत नाही आणि नर निघाले तर फळच नाही. म्हणून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण अमृता’ जातीची कलमे आणावीत आणि ती पावसाच्या तोंडावर लावावीत.