ओव्हन, ग्राइंडर, घरघंटी: किचनची कपाटं वजनाला पक्की कशी करावीत

मॉड्युलर किचनचं कोटेशन हातात पडलं की आपण आधी सनमायकाचा रंग बघतो, मग हँडल. कुठल्या कपाटात काय ठेवणार आणि ते किती किलोचं, हे ना आपण विचारतो, ना डिझायनर. म्हणून सुरुवात यादीपासून करा. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह साधारण १५ ते २० किलोचा, टेबलटॉप वेट ग्राइंडर १० ते १५ किलोचा (वर भिजवलेले डाळ-तांदूळ वेगळे), डिशवॉशर आणि घरघंटी ४०-५० किलोच्या घरात. नेमकं वजन माहितीपुस्तिकेत मिळतं.

घरघंटी आणि डिशवॉशर यांना कपाटाच्या फळीवर चढवूच नका. त्या खणाला तळफळी नको. उपकरण थेट फरशीवर, दोन्ही बाजूंना नुसत्या उभ्या फळ्या आणि वर ओटा. घरघंटी तर थरथरते, आणि रोजच्या थरथरीने स्क्रू सैल होतात. जुन्या फ्लॅटमधल्या कडप्प्याच्या मांडणीवरही तिला नेऊ नका. कडप्पा वजन झेलतो, पण आधी वाकून इशारा देत नाही, एकदम तडकतो.

आता फळ्या. पार्टिकल बोर्ड स्वस्त पडतो, दिसतोही छान, पण सिंकजवळ पाणी लागलं की फुगतो आणि एकदा निघालेला स्क्रू त्यात पुन्हा घट्ट बसत नाही. जड उपकरणांच्या खणांपुरता तरी १८ मिमी जाडीचा मरीन प्लाय (पाण्याला टिकणारा प्लायवुड) घ्या. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये स्वतः जाऊन शीटवरचा ‘आयएस ७१०’ शिक्का (मरीन प्लायचं भारतीय मानक) बघा. कापलेल्या कडेवरही नजर फिरवा. थरांमध्ये पोकळ्या दिसल्या तर ती शीट नको.

पण प्लाय कितीही भारी घेतला तरी लांब फळी वाकणारच. मधोमध तेवढंच वजन ठेवलं तर ९० सेमीची फळी ६० सेमीच्या फळीपेक्षा तिपटीहून जास्त वाकते. उलट जाडी १८ वरून २५ मिमी केली तर वाक निम्म्याहून कमी होतो. त्यामुळे ओव्हनचा खण ६० सेमीच्या आसपास ठेवा. रुंद खण आधीच झालेला असेल, तर फळीखाली पुढच्या कडेला ४०-५० मिमी उंचीची सागवानी पट्टी उभी लावून फेव्हिकॉल आणि स्क्रूने पक्की करून घ्या, किंवा मध्ये एक उभी फळी घाला. ती उभी फळी खाली तळफळीवर अधांतरी थांबता कामा नये. तिच्या बरोबर खाली पाय हवा, म्हणजे वजन जमिनीत उतरतं. फळी नुसत्या खुंट्यांवर टेकवलेली असेल तर दोन्ही बाजूंना आडव्या पट्ट्या मारा.

भिंतीवरच्या कपाटात जड वस्तू शक्यतो नकोच. गरम भांडं खांद्याच्या वरून उतरवणं तसंही धोक्याचं. जागाच नसेल, तर आधी भिंत ओळखा. ड्रिल करताना प्लास्टरनंतर लाल भुकटी आली की वीट. पिठासारखी मऊ, पांढुरकी भुकटी आली की एएसी ब्लॉक, म्हणजे सिमेंटचे हलके, सच्छिद्र ठोकळे. नव्या इमारतींमध्ये हे सर्रास असतात. बिट पुढे सरकेचना, करडी धूळ आली, की काँक्रीट. काँक्रीटमध्ये लोखंडी अँकर फास्टनर (भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट) छान धरतो. एएसीमध्ये तोच फास्टनर ब्लॉक फोडतो, तिथे एएसीसाठीचे लांब नायलॉन प्लग किंवा केमिकल अँकर (भोकात रसायनाने चिकटवलेला बोल्ट) लागतात. पेठांमधल्या जुन्या वाड्यांच्या मातीच्या जोडाईवर मात्र काहीच टांगू नका. सॉकेटच्या सरळ वर-खाली आणि नळाच्या रेषेत भोक पाडायचं नाही, हे सुताराला बजावून सांगा. कपाटाची पाठ ६ मिमीची असेल तर स्क्रू तिच्यातून नको. पाठीच्या वरच्या बाजूला जाड प्लायची आडवी पट्टी बाजूच्या फळ्यांना जोडून, तिच्यातून भिंतीत न्या.

ग्राइंडर बाहेर ओढायच्या ट्रॉलीवर ठेवणार असाल तर चॅनेलच्या (ट्रॉली ज्यावर सरकते त्या पट्ट्यांच्या) खोक्यावर छापलेली क्षमता वाचा. तो आकडा बहुधा जोडीचा असतो. तुमच्या वजनाच्या दुपटीची जोडी घ्या.

मायक्रोवेव्हभोवती पुस्तिकेत सांगितलेली मोकळी जागा सोडा आणि १६ अँपिअरचा सॉकेट हात पोचेल असा ठेवा, अगदी पाठीमागे नको.

सगळं बसलं की पाण्याचा २० लिटरचा भरलेला जार फळीच्या मधोमध ठेवून रात्रभर राहू द्या. सकाळी फळीच्या खालच्या बाजूला या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरा ताणून धरा. ६० सेमीच्या फळीचा मध्यभाग दोऱ्याला एखाद-दुसऱ्या मिलिमीटरपेक्षा जास्त खाली दाबत असेल तर पट्टी वाढवून घ्या. सुताराचा शेवटचा हप्ता तोवर द्यायचा नाही.