ऑटिझम असलेल्या मुलासाठी कुठलं वाद्य घ्यावं?

दुकानात जायच्या आधी काही दिवस नुसतं बघा, घरात तो कुठल्या आवाजाकडे धावतो आणि कुठल्या आवाजाला कान झाकतो. मिक्सर, कुकरची शिट्टी, आरतीतल्या झांजा यांचा त्रास होत असेल तर टाळ, झांजा, ड्रमसेट आधीच बाद. उलट वॉशिंग मशीनला गाल लावून उभा राहत असेल तर त्याला कंप आवडतोय, त्याला पेटी किंवा डग्गा दाखवा. पेटीच्या लाकडावर त्याचा तळहात ठेवायचा आणि खालच्या सप्तकातला सा दाबून धरायचा, ती थरथर हाताला कळते आणि काही मुलं तिथेच रमतात, सरगम वगैरे मग बघू.

बहुतेक जण कीबोर्ड सुचवतात आणि ते बरोबरच आहे, तोच सूर दाबला की दरवेळी तोच आवाज, आवाज कमी करता येतो, ट्यूनिंगची कटकट नाही. फक्त ते डेमो साँगचं बटण! एकदा सापडलं की दिवसभर तेच, त्यावर सरळ पुठ्ठा चिकटवून टाका. हेडफोन लावायचा असेल तर आधी गाण्याशिवाय नुसता घालून बघा, कित्येकांना डोक्यावरचा दाबच सहन होत नाही.

पेटीच्या बाबतीत एक गोष्ट क्लासमध्ये सहसा कोणी सांगत नाही. यातल्या काही मुलांचा कान इतका पक्का असतो की काळी एक (सप्तकातली पहिली काळी पट्टी) म्हणजे काळी एकच. आज सरांनी तिला सा म्हटलं आणि उद्या पांढरी चारला, की पोरगं बिथरतं, आणि सगळे म्हणतात आज याचा मूड नाही. सरांना स्पष्ट सांगा, सुरुवातीला सा साठी एकच पट्टी ठेवा. जुनी पेटी घेताना मोबाईलवरच्या ट्यूनर ॲपवर एकेक सूर तपासा, बेसूर पेटी अशा कानाला अक्षरशः छळते.

बासरी आत्ता नको, फुंकर जमेपर्यंत आवाजच निघत नाही. व्हायोलिन कानाशीच वाजतं. गिटारच्या स्टीलच्या तारा बोटांना बोचतात, त्यापेक्षा युकुलेले बरं, चारच तारा आणि त्याही नायलॉनच्या. तबला घेतलात तर हातोडीने सूर लावताना त्याला दुसऱ्या खोलीत पाठवा.

नातेवाईक म्हणतील तबला वाजवला की बोलायला लागेल. असल्या हिशोबाने घेऊच नका, मुलाला मजा येतेय का तेवढं बघा.

दुकानात शनिवारी संध्याकाळी जाऊ नका, चार जण चार वाद्यं वाजवत असतात. फोन करून आठवड्यात मधल्या दिवशी, उघडल्या उघडल्या जा, आणि महिनाभर भाड्याने मिळेल का तेही विचारा. घरी आणल्यावर कपाटात ठेवू नका, त्याचं त्याला घेता आलं पाहिजे. पेटीच्या भात्याची कडी मात्र वाजवून झालं की आठवणीने लावा, नाहीतर ओढाओढीत भाता फाटतो.