पुस्तकातली अळी आणि कढीपत्त्यावरची अळी: या चुका टाळा

पुस्तकातलं फुलपाखरू बोट ठेवून दाखवणारं मूल कुंडीतल्या अळीकडे मात्र ढुंकूनही बघत नाही, अशी तक्रार दोन ते सहा वर्षांच्या मुलांचे पालक नेहमी करतात. बहुतेक वेळा दोष पुस्तकाचा एकट्याचा नसतो. निवडताना आणि वाचताना काही चुका होतात, आणि त्या सहज सुधारता येतात.

सुरुवातच परक्या ऋतूने

बर्फ, मेपलची पानं, झुपकेदार शेपटीची लाल खार. चित्रं देखणी असतात, पण आपल्या अंगणात येते ती पाठीवर पट्टे असलेली खार. परदेशी पुस्तकं जरूर आणा, पण थोडी नंतर. पहिल्या तीन-चार पुस्तकांत कावळा, साळुंकी, मुंगी, गोगलगाय, वड, पाऊस हवेत. विकत घेण्याआधी चाळून बघा: निदान तीन गोष्टी घरापासून पाच मिनिटांच्या अंतरात दिसतील का?

दर पानाला परीक्षा

“हा कोण? आणि हा?” असं सुरू झालं की मूल चित्र सोडून तुमचा चेहरा वाचू लागतं. एका बैठकीत एखाद-दुसराच प्रश्न विचारा, तोही चित्रात शोधावं लागेल असा: “गोगलगाय कुठून आली असेल?” मग चकाकणारा माग त्याचा त्यालाच सापडतो. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला सगळा मजकूर ऐकवायचा हट्ट नको. तेच पुस्तक पंधरा दिवस मागितलं, तर पंधरा दिवस तेच वाचा.

चित्रातली चूक तशीच पुढे

सहा पायांचा कोळी आणि दूध पिणारा नाग अजूनही छापले जातात. कोळ्याला आठ पाय असतात. मुंगीला सहा, आणि ते सगळे शरीराच्या मधल्या भागातून निघतात. नाग उंदीर-बेडूक खातो, दूध हा त्याचा आहार नाही. पुस्तक फेकू नका, मुलासोबत पाय मोजा आणि चूक पकडा. मुलांना हे फार आवडतं.

मापाची गफलत तर जवळपास प्रत्येक पुस्तकात असते, कारण मुंगीही पानभर आणि हत्तीही पानभर. पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने प्राण्याच्या खऱ्या लांबीची रेघ ओढा. हत्तीसाठी कागद पुरणार नाही, तेव्हा दाराची उंची दाखवून “याहूनही उंच” म्हणा.

शब्दही तपासा. पुष्कळ अनुवादित पुस्तकांत प्रत्येक अळीला सुरवंट म्हटलेलं असतं. सुरवंट म्हणजे केसाळ अळी, आणि तिच्या केसांनी खाज सुटते. हा फरक मुलाला माहीत हवा: केस किंवा काटे दिसले की हात लावायचा नाही.

पुस्तक मिटलं की विषय संपला

सगळ्यात मोठी चूक हीच. वाचल्यावर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी बाहेर पडा. दहा मिनिटं पुरतात, पण पुस्तक हातात हवं आणि शोधायची गोष्ट एकच.

अळीसाठी कढीपत्ता किंवा लिंबाचं झाड बघा. पावसाळ्यात आणि त्यानंतरचे काही आठवडे शोध सोपा जातो. कोवळ्या पानावर मोहरीहून लहान, पिवळसर, एकेकटं अंडं असतं. तीन-चार दिवसांत निघणारी अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून मोठी माणसंही ती झटकून टाकतात. पुढे ती हिरवी होते आणि बोटाच्या दोन पेरांएवढी वाढते. डिवचलं तर डोक्यामागून दुहेरी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. पुस्तकात हे सहसा नसतं, म्हणून आधीच सांगून मजा घालवू नका.

अळी बरणीत भरून घरात आणू नका. बाजारातला कढीपत्ता फवारलेला असू शकतो आणि त्यावर ती मरते. तिला झाडावरच राहू द्या, रोज एकदा बघा आणि पुस्तकातलं कोणतं पान आज जुळतंय ते मुलाला शोधू द्या. कोषाच्या पानावर थोडं थांबा: पुष्कळ चित्रांत दाखवतात ती रेशमी गुंडाळी रेशीमकिड्यासारख्या पतंगांची असते. या फुलपाखराचा कोष उघडाच, कमरेला एक धागा बांधून फांदीला टेकलेला असतो. साधारण आठ ते बारा दिवसांनी तो गडद होतो आणि आतून पंखांची नक्षी दिसू लागते. ती दिसली की दुसऱ्या दिवशी मुलाला सकाळी लवकर उठवा.